दुसरी खूण

झाडाचं पान पिवळं पडलं तर काय करावं? हा प्रश्न मी जितक्या जणांना विचारला, तितकी उत्तरं मिळाली. पाणी कमी पडतंय. पाणी जास्त होतंय. खत घाल. खत थांबव. उन्हात ठेव. उन्हातून काढ. काही करू नकोस, जुनं पान आहे, आपोआप गळेल. सांगणारे सगळे जाणते. कुणाच्या अंगणात चाफा फुलतो, कुणाच्या गच्चीत वांगी लागतात. त्यांच्या शब्दावर शंका घ्यावी असं काही नाही. पण एकाच पानाला इतके उपाय, आणि त्यातले निम्मे उरलेल्या निम्म्यांच्या उलट, हे ऐकल्यावर नवख्या माणसानं झारी उचलावी की खाली ठेवावी?

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमची पश्चिमेकडे उघडणारी बाल्कनी आहे. दुपारनंतर तिथं कडक ऊन येतं, सकाळी सावली असते. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची जी रांग आहे, तिथून मी तुळस, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू आणि मिरचीची रोपं आणली. त्यांच्या मागोमाग सल्लेही आले.

माझी आई बार्शीची, लग्न होऊन संगमेश्वरला गेली. मामा अजून बार्शीतच शेती करतो. आई फोनवर म्हणाली, "तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घाल गं, एक दिवसही चुकवू नकोस." मामा म्हणाला, "अगं, रोज कशाला? झाडाला जरा ताण बसू दे. सारखं पाणी घातलंस तर मुळं कुजतील." सख्खे बहीण-भाऊ, दोघांचे हात मातीतले, आणि दोघांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध. मी पुरती गोंधळले.

खूप विचार केल्यावर लक्षात आलं की दोघंही आपापल्या मातीबद्दल खरंच बोलत होते. कोकणातली जांभ्यावरची तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही. आज घातलेलं उद्या खाली उतरून जातं. बार्शीची काळी माती पाणी पिऊन फुगते, कितीतरी दिवस ओल धरते आणि सुकली की भेगाळते. माझ्या कुंडीत यांपैकी काहीच नव्हतं. नर्सरीवाल्यानं त्यात थोडी लाल माती, थोडं शेणखत आणि भरपूर कोकोपीट घातलं होतं. या मिश्रणाचा अनुभव ना आईला, ना मामाला. म्हणजे किती पाणी घालायचं, हा माझा प्रश्नच अपुरा होता. विचारायला हवं होतं ते वेगळं: कुंडीला पाणी हवंय, हे ओळखायचं कसं?

पहिली अडचण इथंच आली, कारण झाडाच्या खुणा दोन तोंडांनी बोलतात. तहानलेलं झाड पानं खाली टाकतं. मुळाशी पाणी तुंबलेलं झाडही तसंच पानं खाली टाकतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, पुढं कुजतात आणि पाणी वर चढवेनाशी होतात. मग झाड भर पाण्यात उभं राहून तहानेनं मान टाकतं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही झाडं सारखीच दिसतात. एकाला पाणी घातलं तर ते जगेल, दुसऱ्याला घातलं तर मरेल.

आणखी एक तिसरा प्रकार आहे. एप्रिलात दुपारी पारा चाळिशीकडे गेला की जास्वंदीची आणि मिरचीची पानं लोंबायला लागतात. माती ओली, मुळं धडधाकट, तरी लोंबतात. पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त झालेला असतो, एवढंच. ऊन उतरलं की तीच पानं ताठ होतात. त्या झाडाला पाण्याची नाही, वाट पाहण्याची गरज असते.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला. एका खुणेवर काही करायचं नाही. दुसरी खूण शोधायची. पान लोंबलंय ही पहिली खूण. मग बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कारण कोकोपीटचा वरचा थर वाळून फिकट झाला तरी आत ओल असू शकते. कुंडी थोडी उचलून बघायची. कोरडी कुंडी हाताला लगेच हलकी लागते. पान लोंबलंय, माती कोरडी आहे, कुंडी हलकी आहे, तर पाणी घालायचं. पान लोंबलंय, माती ओली आहे, कुंडी जड आहे आणि तळाच्या भोकाशी आंबूस वास येतोय, तर पाणी बंद, आणि झाड काढून मुळं पाहायची. निरोगी मुळं पांढरट आणि कडक असतात. कुजलेली तपकिरी, मऊ, हाताला लागताच सुटून येणारी. आणि पान फक्त दुपारीच लोंबत असेल, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं.

हा नियम हाती आल्यावर आणखी काही खुणांचा दुटप्पीपणा दिसू लागला. "भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाल," असं शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, आणि ते योग्यच आहे. पण कोकोपीट एकदा पार वाळलं की आक्रसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरून भोकातून बाहेर येतं. तळाशी पाणी दिसतं, आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत. इथंही दुसरी खूण कुंडी उचलण्याचीच. पाणी बाहेर आलं तरी कुंडी हलकी लागत असेल, तर ती पाण्यानं भरलेल्या घमेल्यात अर्धा-पाऊण तास ठेवायची. आधी बुडबुडे येतात. ते थांबले की माती पूर्ण भिजली असं समजायचं, आणि कुंडी बाहेर काढून निथळू द्यायची.

पावसाचंही तसंच. जुलैत बाहेर संततधार चालू असताना झाडांना पाणी घालावं लागेल, हे कुणालाही पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं. पण वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली असलेल्या कुंडीत पावसाचा थेंबही पडत नाही. कठड्यालगतच्या कुंडीत पाऊस पडला, तरी जास्वंदीची दाट पानं छत्रीसारखी तो बाहेर ढकलतात. एकाच बाल्कनीत, एकाच पावसात, एक कुंडी चिखल झालेली आणि हातभर अंतरावरची दुसरी कोरडी, हे मी बोट घालून पाहिलं आहे.

कुंडीच्या तळाबद्दल सगळ्यांचं एकमत होतं: विटांचे तुकडे किंवा खडी घाल, म्हणजे पाणी निथळेल. यावर कुणाचंच दुमत नसल्यामुळे हा एक सल्ला तरी निर्धास्तपणे घ्यावा असं वाटलं. तरी मनात एक शंका होती, म्हणून स्वयंपाकघरात भांडी घासायचा एक नवा स्पंज घेऊन पाहिला. तो पूर्ण भिजवला आणि आडवा, सपाट धरला. पाणी ठिबकलं आणि थांबलं. मग काही न पिळता तोच स्पंज उभा केला. लगेच खालच्या टोकातून पुन्हा पाण्याची धार लागली. ती थांबल्यावर बोटांनी चाचपलं, तर वरचा भाग नुसता ओलसर, खालचा बोटभर भाग मात्र पाण्यानं गच्च.

कुंडीतल्या मातीचंही असंच होतं. प्रत्येक मिश्रणाच्या तळाशी एक ठराविक जाडीचा थर पाण्यानं भरलेला राहतो; त्यापुढे ते पाणी स्वतःहून खाली उतरत नाही. आता तळात खडी घातली, तर बारीक मातीतलं पाणी मोठ्या खड्यांच्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते खडीच्या वरच अडतं. म्हणजे तो गच्च थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एखादं वाकडं खापर ठेवायला हरकत नाही, माती वाहून जात नाही. पण पाणी निथळायला हवं असेल तर उंच कुंडी, मोकळी भोकं आणि भुसभुशीत मिश्रण यांचाच उपयोग. पसरट, उथळ कुंडी दिसायला छान असते. पाणी जास्त झालं की सर्वांत आधी तीच त्रास देते.

पिवळ्या पानाचं कोडंही याच वाटेनं थोडं सुटलं. पान पिवळं आहे, एवढ्यावरून काही कळत नाही. कुठलं पान पिवळं आहे, हे पाहायचं. खालची, जुनी पानं एकसारखी पिवळी पडत वर चढत असतील तर नत्र कमी पडत असण्याची शक्यता जास्त. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. याउलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या असतील तर लोह कमी पडतंय, कारण लोह जुन्या पानातून नव्याकडे नेता येत नाही. लिंबाला आणि जास्वंदीला हे फार होतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की मातीचा सामू वाढतो. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसली, तर ती याची आणखी एक खूण. आणि तळाशी एखाद-दुसरंच पान पिवळं होऊन गळत असेल, बाकी झाड तरतरीत असेल, तर ते खरंच म्हातारं झालेलं पान आहे.

किडींच्या बाबतीत मात्र माझा गोंधळ सर्वांत मोठा होता. इथं पाणी कमी-जास्त होण्याचा प्रश्न नव्हता. कुणाला मारायचं आणि कुणाला राहू द्यायचं, हा होता.

जास्वंदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसू लागला. नर्सरीतले दादा म्हणाले, "ताई, मिलीबग आहे, फवारा मारा." शेतकरी याला पिठ्या ढेकूण म्हणतात. मऊ अंगाचा हा किडा पिठासारखं मेण अंगावर घेऊन एका जागी चिकटतो आणि रस शोषत राहतो. शोषलेल्या रसातली जादा साखर तो चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. ती पानांवर पडते, पानं चिकट होतात, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते, आणि गोडाच्या वासानं मुंग्या येतात. या मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात. त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर मुंग्यांना नुसतं झटकून भागत नाही. फांदी वर करून पानांच्या मागं पाहायचं.

मी भिंग घेऊन पाहायला बसले. कापसाच्या गोळ्यांमध्ये एक पांढरा जीव बाकीच्यांपेक्षा मोठा होता. त्याच्या अंगावर मेणाचे लांब, झालरीसारखे दोरे लोंबत होते. आणि तो चालत होता. पिठ्या ढेकूण जवळजवळ हलत नाही. हा मात्र एका बेचक्यातून दुसऱ्या बेचक्यात चांगला लगबगीनं गेला, एका गोळ्यात तोंड खुपसलं आणि तिथंच थांबला. थोड्या वेळानं तो पुढं सरकला तेव्हा मागं नुसती मेणाची चुरगळलेली साल उरली होती.

ती क्रिप्टोलिमसची अळी होती. क्रिप्टोलिमस हा मूळचा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा, ठिपक्यांच्या लाल ढालकिड्यांच्याच कुळातला, पण काळपट पंखांचा आणि नारिंगी डोक्याचा. किडींचा बंदोबस्त करण्यासाठी तो 1898 मध्ये भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी दिसते, आणि पोट भरते ते त्याच ढेकणांवर. ज्याला मारायचं आणि ज्याला जपायचं ते दोघं एकाच रंगाचे, एकाच फांदीवर. पहिली खूण पांढरा रंग. दुसरी खूण चाल. बसून असेल तो ढेकूण, चालत असेल ती अळी.

त्या दिवशी मी फवारा बाजूला ठेवला. अळ्या नसलेल्या फांद्यांवरचा कापूस साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं काढला, फार भरलेला शेंडा छाटून पिशवीत बांधून टाकला, आणि मुंग्यांना वर चढता येऊ नये म्हणून कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. यातलं पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून वाट्या घासायच्या, हे पक्कं लक्षात ठेवावं लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कुंडीखालच्या बशांनाही हेच लागू. झाडांवरच्या मायेपोटी घरात डास वाढवून चालणार नाही.

निमतेल फवारायची वेळही येते, विशेषतः मिरचीवर. कोवळी पानं वर वळून होडीसारखी झाली तर बहुधा फुलकिडे. खाली वळून लांबट झाली तर बहुधा कोळी. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निमतेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून पातळ साबणाचे काही थेंब. शेतकरी पाच टक्के निंबोळी अर्क वापरतात. घरी करायचा तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळून घ्यायची. आधी एका फांदीवर फवारून दुसऱ्या दिवशी पान भाजलं नाही ना ते पाहायचं. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं. उन्हात निमातला गुण लवकर नाहीसा होतो, तेलानं पान करपतं, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात.

इथंही एक फसवी खूण आहे. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसतात, आणि औषध फुकट गेलं असं वाटतं. पण निमातलं अझाडिराक्टिन विषासारखं झटपट मारत नाही. किड्याची भूक मारतं आणि त्याला कात टाकून मोठं होऊ देत नाही. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, आणि अंडी त्यातून वाचतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा फवारावं लागतं. किडे मेले का, यापेक्षा नवी पालवी सरळ येतेय का, हे पाहणं जास्त खरं.

कढीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली, तर ती पुसण्याआधी जरा थांबा. काडीनं हलकेच डिवचा. डोक्यामागून दोन शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. लहानपणी ती विष्ठेसारखी दिसून पक्ष्यांना फसवते, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. महाराष्ट्रानं 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन याच कुळातलं; त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांचीच पानं खातात. रोप हातभर असेल तर चार अळ्या ते खराट्यासारखं करतात, हे खरं. मी एक-दोन ठेवते, बाकीच्या सोसायटीच्या आवारातल्या मोठ्या लिंबावर नेऊन सोडते. तुमच्या घरी कढीपत्ता रोज फोडणीला लागत असेल तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. पण ती काय आहे, हे ओळखून निर्णय घ्यावा, एवढंच.

श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवार उभा केला, तेव्हा तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी स्वतःच्या बागेत निरीक्षणं करायची आणि ती एकमेकांना सांगायची, अशीच रीत होती. त्यांच्या कामाबद्दल वाचताना मला धीर आला. माणसं तिथं उत्तराबरोबर ते कसं कळलं तेही सांगत होती. बाल्कनीत चार कुंड्या असलेल्या माणसालाही हे जमण्यासारखं आहे. मी एक वही ठेवली आहे. तीत तारीख, काय दिसलं, दुसरी खूण काय होती आणि मग काय केलं, एवढंच असतं.

सगळं उमगलंय असं नाही. मोगरा अजून कोडंच आहे. मामा म्हणतो, थंडी सरताना छाट, पानं ओरबाड, थोडे दिवस पाणी तोड, मग खत-पाणी दे, कळ्या येतील. काकू म्हणतात, तुझ्या बाल्कनीत त्याला पुरेसं ऊनच नाही. दोन्ही खरं असू शकतं. या फेब्रुवारीत छाटणी करीन आणि कुंडीवर किती तास थेट ऊन पडतं तेही वहीत लिहून ठेवीन. मग कुणाचं कारण माझ्या मोगऱ्याला लागू आहे ते समजेल.

तोवर ज्यांची झाडं फुलतात, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्याजवळ अनुभव आहे, तो आम्हा नवख्यांना हवाच आहे. पण आम्हाला "पाणी कमी कर" एवढंच सांगू नका. पाणी जास्त झालंय हे तुम्ही कशावरून ओळखलंत, तेही सांगा. तुमची माती कुठली, कुंडी कसली, ऊन कुठल्या बाजूचं, ते सांगा. उपाय तेवढ्या एका झाडापुरता उपयोगी पडतो. ओळखायचं कसं हे शिकवलंत, तर पुढच्या प्रत्येक झाडाला त्याचा उपयोग होईल.